धान्याला हवा लावताय? मुंबईत साठवणीच्या या चुका टाळा

गावाहून परळच्या घरी आलेल्या तांदळाच्या गोणीत दर वर्षी गणपतीच्या आधी सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, व्हायचे. आईचा उपाय ठरलेला: तांदूळ जमिनीवर पसरायचे, पंखा लावायचा. म्हणायची, "जरा हवा लागू दे."

सगळ्यात मोठी चूक हीच. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि कोरडं धान्य त्या हवेतलं पाणी ओढून घेतं. साठवणीच्या तांदूळ-गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. तो वाढला, त्यात ऊब मिळाली, की सोंड्याचं अंड्यापासून किडा होणं जेमतेम महिन्याभराचं काम. वैशाखात खळ्यात धान्य पसरणं योग्यच, पण श्रावणात चाळीच्या गॅलरीत ती रीत उलटते. पावसाळ्यात लागेल तेवढंच काढा, कोरड्या हाताने, आणि झाकण लगेच लावा.

मे महिन्यात गच्चीवर वाळवलेला गहू गरम असतानाच डब्यात भरू नका. रात्री डबा गार होतो, झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. गिरणीतून आलेल्या पिठाचंही तेच.

"डबा घट्ट होता, मग किडे आले कुठून?" बहुतेक वेळा दुकानातूनच. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे निवडताना काही दिसत नाही. मूग-चवळीवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती टोक्यांची, म्हणजे कडधान्यातल्या किड्यांची, अंडी. ही कीड पुष्कळदा शेतातूनच येते. थोडं धान्य असेल तर पिशवी घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र तिचा गारवा पूर्ण जाऊन ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. जास्त कडधान्याला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात. आणि जुन्या धान्यावर नवं ओतू नका, कडेला अडकलेले चार दाणे पुढची पिढी वाढवायला पुरतात.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून. ओला पाला म्हणजे डब्यात पाणी घालण्यासारखंच. गोण फरशीवर किंवा भिंतीला टेकून नको, पाटावर ठेवा.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात घालूच नयेत, "धुतल्यावर जातं" यावर विसंबू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो शेजारच्या खोलीतही पोचतो आणि माणसं दगावतात. तो गोदामाचा, प्रशिक्षित माणसाचा मामला.

सोंडे झालेले तांदूळ चाळून, निवडून खाता येतात. बुरशीचं तसं नाही. शेंगदाण्यावर किंवा मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर टाकून द्या. अफ्लाटॉक्सिन हे या बुरशीचं विष धुऊन किंवा शिजवून जात नाही.

आमची गोण आता गावीच असते, तीही तांदळाची नाही, न भरडलेल्या भाताची. तुसामुळे सोंड्यांना दाण्यात सहज शिरता येत नाही. लागेल तसं भरडून येणारा-जाणारा दहा-दहा किलो आणतो. आई मात्र अजून पिशवी सोडली की आधी पंख्याचं बटण शोधते.