हस्ताच्या आधी चराचं तोंड मोकळं करा

सप्टेंबर लागला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमध्ये खरीप कांदा रानात उभा आहे, आणि कित्येक रानांत पावसाचं पाणी बाहेर काढणारा चर एक तर काढलेलाच नाही, नाहीतर बांधापाशी येऊन बंद झालेला आहे. औषधाचं नंतर बघू. आधी फावडं घेऊन रानाच्या उताराच्या टोकाला जा.

दरवर्षी हेच पाहतोय. गादीवाफे (उंच केलेले वाफे) नीट, ठिबक नीट, रोप जातिवंत. पण दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून चरातही लागवड केलेली असते. कुठे शेजाऱ्याशी बांधावरून बोलणं बंद, म्हणून पाण्याला वाट नाही. कुठे जेसीबीने रान सपाट करताना जुनी ओघळ बुजवलेली असते. पाणी आजही तिथंच येऊन तुंबतं. शेजाऱ्याशी पाऊस यायच्या आधी बोला, गरज पडली तर पाइप घालण्याचा खर्च दोघांत वाटून घ्या. तुंबल्यावर रात्री बांध फोडला की भांडण कोर्टात जातं आणि कांदा तर तोवर गेलेलाच असतो.

पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून आठवड्याचा पाऊस एका संध्याकाळी ओततो. मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या तारखा बदलल्या. राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इंदापूर, दौंड, बारामतीत अतिवृष्टीने काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला. जूनमध्ये चर काढू म्हणणारे तेव्हाही उशिरा पडले.

मुळांना हवा लागते. रान एक-दोन दिवस तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो, पांढरी मुळी काळी पडते, पात पिवळी होते. आणि पिवळं दिसलं की आपण युरिया फेकतो! तो उचलायला मुळं शिल्लक नसतात. जी थोडी रोपं तगतात त्यांची पात लुसलुशीत होते आणि त्यावर करपा आणि पीळ हे बुरशीजन्य रोग तुटून पडतात. पात वळली, मान लांबली की तो कांदा पोसत नाही.

एक माझा अंदाज, पुस्तकात सापडणार नाही: पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यावर टाच दाबून उभे राहा. खळग्यात पाणी पाझरून आलं तर वाफा अजून भरलेला आहे. तिथं खत नको, पाणी नको, फक्त निचरा. टोकाचा मुख्य चर गुडघ्याइतका खोल ठेवा, तोंडाशी अडकलेलं गवत आणि मल्चिंगचे तुकडे दर पावसानंतर काढा.

पुढच्या वर्षी लागवड रुंद गादीवाफ्यावरच करा: १२० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच, मध्ये ४५ सेंमी सरी. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची शिफारस हीच आहे.

बुरशीनाशकाची फवारणी उघडीप मिळाल्यावर: मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर. गरज वाटल्यास १०-१५ दिवसांनी ट्रायसायक्लॅझोल १ ग्रॅम किंवा हेक्झाकोनॅझोल १ मिली प्रति लिटर. कांद्याची पात मेणचट असते, स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रावण) टाकलाच पाहिजे. लेबल वाचा, शेवटची फवारणी आणि काढणी यांत लेबलवर दिलेलं दिवसांचं अंतर पाळा. दुकानदार सोबत ह्युमिक, सिलिकॉन, "मुळी सोडणारं" टॉनिक असं किट पुढे करेल. तुंबलेल्या रानात त्यातलं काहीही मुळी सोडत नाही. ते पैसे चर खोदणाऱ्या मजुराला द्या, आणि जे घ्याल त्याचं पक्कं बिल मागा.

बाकीची कामं:
- रब्बी ज्वारी: १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ४५ × १५ सेंमी.
- टोमॅटो: तारेवर बांधणी, जमिनीला टेकलेली पानं काढणे.
- भात (मावळ, मुळशी, भोर): फुलोऱ्यात पाणी ५ सेंमी, तुडतुड्यांसाठी बुंधे तपासणे.
- सोयाबीन: तयार होताच काढणी, ढीग ताडपत्रीखाली.
- रब्बी कांद्याचं बी: पेरण्याआधी थायरम (बुरशीनाशक) २-३ ग्रॅम प्रति किलो चोळणे, पेरणी गादीवाफ्यावरच.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या २७ च्या सुमारास लागतं. मुख्य चर २० तारखेच्या आत झाला पाहिजे. मजूर मिळत नसतील तर निदान तोंडाकडची वीस फूट तरी घरच्यांनी मिळून आजच मोकळी करा.