कोकणात परसातल्या टाक्यात मासे जगवायचे असतील तर

जांभ्याचं टाकं बांधून त्यात गोल्डफिश, कोई, गप्पी सोडणारे आता बरेच झालेत, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मे मासे उलटे तरंगतात. मग दुकानदाराला शिव्या. पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो.

नवीन टाक्यात सिमेंटचा चुना उतरतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवायचं, मधेमधे उपसून बदलायचं, पीएच (पाणी किती आंबट की खारट-चुनखडीचं, ते सांगणारा आकडा) 7 ते 8 च्या मधे आला की मगच मासे. विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा पाइप तळाशी न सोडता पाणी उंचावरून पडू द्या.

पावसाळ्यासाठी काठ अंगणापेक्षा वीतभर उंच हवा, नायतर गोठ्याचं नि खताचं सगळं पाणी आत येतं. ओव्हरफ्लोला जाळी लावाच, मासे वहाळात गेले की गेले. आपल्याकडचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, त्यात धो धो पाऊस पडला की पीएच झपकन खाली येतो. याला फुकटचा उपाय म्हणजे तिसऱ्यांची (खातो त्या शिंपल्यांची) टरफलं, खाऊन झाली की फेकू नका, उकळून घासून कांद्याच्या जाळीत बांधा आणि टाक्यात सोडा, हळूहळू विरघळून पीएच सावरतात.

सगळ्यात घातक फवारणी. सुपारीवर कोळेरोगासाठी, म्हणजे फळं कुजतात त्या रोगासाठी, बोर्डो (मोरचूद नि चुन्याचं मिश्रण) मारतात, त्यातल्या मोरचुदाचं तांबं मऊ पाण्यात माशांना जास्तच बाधतं. आंब्याच्या मोहोरावर मारतात ती सायपरमेथ्रिनसारखी औषधं तर त्याहून वाईट, अगदी थोडी पडली तरी पुरे. त्यामुळे टाकं पोफळीखाली नकोच, आणि शेजारच्या बागेत फवारणीचा पंप कधी लागणार ते आधी विचारून ठेवा, त्या दिवशी ताडपत्री टाकायची. फवारणीचे ड्रम, बादल्या टाक्यावर धुवायला तर कुणालाच देऊ नका.

पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतायत म्हणजे ऑक्सिजन संपलाय, रात्री पाणवनस्पतीपण तो खातात. लगेच पंप किंवा कारंजं चालू करा, पाव भाग पाणी बदला, तळातला पाला काढा, त्या दिवशी खाणं बंद. एरवीही पाच मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, उरलेला भात तर अजिबात नाही.

अंगावर पांढरे ठिपके दिसले तर तो मासा वेगळ्या टपात काढा, 10 लिटरला साधारण 20 ग्रॅम खडेमीठ, तेही विरघळवून, थोडंथोडं करत. मिठानं कमळं जळतात, म्हणून टाक्यात ओतायचं नाही.