रुग्णाला तपासणीसाठी झोपवताना, बसवताना: या चुका टाळा

पोटाला हात लावताच स्नायू ताठ लागले, की नवशिक्या डॉक्टरांना आत काहीतरी गंभीर असल्याची शंका येते. ती रास्तच आहे. मात्र त्याआधी रुग्ण कसा झोपला आहे ते पाहावे. हात डोक्याखाली घेतलेले, पाय ताणलेले, किंवा उशीच नसल्याने रुग्ण मान उचलून डॉक्टरांच्या हाताकडे पाहत असलेला, अशा स्थितीत पोट आवळले जाणारच. डोक्याखाली उशी द्यावी, हात बाजूला सोडायला लावावेत, गुडघे थोडे वाकवावेत आणि स्वतःचे हात गार असतील तर ते चोळून घ्यावेत. एवढे करूनही ताठरपणा टिकला, तर तो गांभीर्याने घ्यावा. पोटात पाणी आहे का हे पाहताना रुग्णाला कुशीवर वळवल्याबरोबर ठोकून पाहू नये. पाणी खाली उतरायला अर्धा मिनिट तरी द्यावा.

याहून घातक चूक म्हणजे धाप लागलेल्या रुग्णालाही सवयीने ‘आजोबा, आडवे व्हा’ असे सांगणे. हृदय कमकुवत असेल तर आडवे होताच पायांकडील रक्त छातीकडे परतते, फुफ्फुसांवरील भार वाढतो आणि धाप आणखी वाढते. अशा रुग्णाला पाठ टेकवून बसलेलेच तपासावे. हृदयाकडील रक्ताचा दाब कळावा म्हणून मानेतील शीर पाहतात, ती एरवी पाठ सुमारे ४५ अंशांत उचलून. ती दिसत नसेल तर उशाकडची बाजू उतरवावी, आणि शीर जबड्यापर्यंत भरलेली असून तिचे वरचे टोक सापडत नसेल तर रुग्णाला अधिक उभे बसवावे. ओपीडीतील बऱ्याच टेबलांची पाठ उचलता येत नाही, तेव्हा उशांवर भागवावे लागते.

गर्भवतीला साधारण २० आठवड्यांनंतर फार वेळ उताणे ठेवू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून तिला घाम, मळमळ किंवा चक्कर आल्यास लगेच डाव्या कुशीवर वळवावे.

रक्तदाब अनपेक्षितपणे जास्त आला, तर औषध लिहिण्याआधी हात कुठे होता ते आठवावे. हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबणारा हात आकडा पाऱ्याच्या ७ ते ८ मिलिमीटरने फुगवतो. टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत बसवण्यापेक्षा खुर्ची बरी: पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हाताला आधार, आणि मोजण्याआधी पाच मिनिटे शांतता.

तपासणी संपल्यावर वृद्धांना एकदम उभे करू नये. मिनिटभर कडेला बसवावे, चक्कर येते का ते विचारावे आणि मगच टेबलावरून उतरवावे.