कात्रणांची स्क्रंची आणि वळेसर अडकवायचं बटण

वेंगुर्ल्यात ब्लाउज शिवायला लागून मला २२ वर्षं झाली. मशीनच्या पायाशी गोणपाटाची पिशवी असते. गळ्याचा गोल, मुंढ्याची कोर, बाही कापून उरलेले तुकडे, सगळं तिच्यात पडतं. शेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात सुटी बटणं. या दोहोंतून स्क्रंची, म्हणजे केस बांधायचं चुणीदार कापडी रबर, कशी करायची ते सांगते. आपल्याकडचे केस म्हणजे तेल लावलेले, घामेजलेले, आणि वर फूल माळलेले. स्क्रंची त्यांना पुरली पाहिजे, आणि तिच्या बटणाला वळेसर, म्हणजे सुरंगीच्या फुलांचा गजरा, अडकवता आला पाहिजे.

आधी कापड. सुती अस्तर, मलमल, पॉपलिन सर्वांत चांगलं. ते तेल पितं खरं, पण साबणाच्या गरम पाण्यात ठेवलं की बरंचसं सोडतंही. साटन केसांवरून अलगद सरकतं, गुंता कमी होतो. मात्र खोबरेल तेलाचा डाग त्यावर लगेच उठून दिसतो. गुळेदगुड्डच्या खणाची झळाळी मला फार आवडते. पण खणाचे धागे कडेने भराभर सुटतात, म्हणून कापल्याबरोबर झिगझॅग मारून घ्या. लाल-जांभळ्या तुकड्याचा रंगही आधी तपासा: तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीवर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. चिंधी गुलाबी झाली तर तो तुकडा बाजूला ठेवा. तोच रंग घामाने मानेवर उतरेल.

स्क्रंचीला ४ इंच रुंद आणि २० इंच लांब पट्टी लागते. ब्लाउजच्या कात्रणांत एवढी लांब पट्टी सापडत नाही, सापडायची गरजही नाही. ४ बाय ७ इंचाचे तीन तुकडे काढा आणि पाव-पाव इंच शिवण ठेवून जोडा, बरोबर २० इंच होतात. मी दोन तुकडे एका रंगाचे घेते आणि मधला वेगळा.

आता बटण, आणि ते याच वेळी लावायचं, पट्टी सपाट असताना. नंतर लावलं तर सुई आतल्या इलास्टिकमध्ये घुसते आणि ते तिथूनच तुटतं. मधल्या तुकड्यावर, वरच्या कडेपासून १ इंच आत जागा धरा. उलट्या बाजूने अस्तराचा अंगठ्याएवढा तुकडा ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी कापड फाटत नाही.

बटण निवडताना मी ते शिफॉनच्या ओढणीवरून फिरवते. साच्याची बारीक धार राहिली असेल तर ओढणीचा धागा उचलला जातो, आणि ओढणीचा धागा उचलणारं बटण केसही उपटणार. पहिल्या वेळी मी हे पाहिलं नव्हतं. भाचीने संध्याकाळी वेणी सोडताना सांगितलं, "आते, बटण केसात अडाकता गो." चार केस गुंडाळून आले होते. तेव्हापासून ओढणी मशीनच्या खिळ्यालाच टांगलेली असते. शिंपल्याचं जुनं बटण मिळालं तर मी ते आधी घेते; गालाला लावलं की गार लागतं आणि कडाही गुळगुळीत असतात. रंग उडालेलं, चरे पडलेलं बटण फेकू नका. त्याच्या दुप्पट व्यासाचा कापडाचा गोल कापा, काठाने धावदोरा घाला, मध्ये बटण ठेवा आणि दोरा ओढून गाठ मारा.

गोंदाने मात्र बटण चिकटवू नका. ग्लू गनने चिकटवलेली माझी सहा बटणं एका शाळेच्या नाचात, स्टेजच्या दिव्यांच्या उष्णतेने, मुलींच्या वेण्यांवरून एकेक करून गळली. त्या मुलींचे चेहरे मला आजही आठवतात. बटण शिवायचंच. दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि बटण व कापड यांच्यामध्ये राहिलेल्या दोऱ्याला सहा-सात वेढे देऊन घट्ट मान करा. वळेसर याच मानेला अडकणार आहे.

पुढचं काम सरळ आहे. पट्टी सुलटी बाजू आत ठेवून लांबीने दुमडा, पाव इंचावर टीप मारा, सेफ्टी पिनने उलटवा. पाव इंच रुंदीचं ७ इंच इलास्टिक आत ओवा, लहान मुलीसाठी ६ पुरे. टोकं अर्धा इंच एकावर एक ठेवून झिगझॅग मारा. कापडाचं एक टोक आत दुमडून दुसरं त्यात खोचा आणि हाताने शिवून टाका. जुन्या पेटीकोटाचं इलास्टिक वापरत असाल तर कानाशी धरून ताणा. करकरलं तर टाकून द्या.

क्लिपाही या कात्रणांनी मढवता येतात, पण आपल्या खाऱ्या दमट हवेत टिकटॅक क्लिपला गंज चढतो आणि ओलं कापड तो वाढवतं. म्हणून क्लिपा मी दिवाळी ते शिमगा एवढ्याच दिवसांत करते. आगोटीपासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापासून, पुढे फक्त स्क्रंची, आणि ओल्या केसांना कधीच नाही. तीन वर्षांखालच्या मुलीसाठी बटणच लावू नका, ते ती तोंडात घालेल.

सुरंगीचा मोसम फेब्रुवारी-मार्चचा. वळेसराच्या दोऱ्याची दोन्ही टोकं बटणाच्या मानेभोवती विरुद्ध बाजूंनी दोन-दोन वेढे द्या, वर सुटी गाठ. पिन लागत नाही, केस ओढले जात नाहीत. फुलं सुकल्यावर गाठ सोडायची, सुरंगी कपाटात ठेवायची आणि स्क्रंची धुवायला टाकायची.