टेनिसचा फोरहँड बिघडलाय? तारा बदलण्याआधी हँडलवरचा हात बघा. या चुका टाळा

फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारलेला फटका, सलग चार-पाच वेळा बाहेर गेला की लोक तारांचं टेन्शन बदलतात, रॅकेट बदलतात, काही जण तर कोचसुद्धा बदलतात. मी क्लबमध्ये संध्याकाळच्या बॅचला शिकवतो आणि तक्रार घेऊन आलेल्याला पहिलं वाक्य हेच म्हणतो: ‘रॅकेट आहे तशीच धरून ठेवा, मला हात बघू द्या.’ निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच सापडतं.

हँडल अष्टकोनी असतं. त्याला आठ पैलू असतात, कोच मंडळी त्यांना बेव्हल म्हणतात. रॅकेटची कड जमिनीकडे आणि तारा भिंतीसारख्या उभ्या ठेवल्या की सर्वांत वरचा पैलू 1 नंबरचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने हँडलच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचं, डावखुऱ्याने उलट. ग्रिप म्हणजे रॅकेट धरण्याची पद्धत, आणि तिचं नाव यावरून ठरतं: तर्जनी जिथे तळव्याला मिळते तिथला उंचवटा 2 वर आला तर कॉन्टिनेंटल, 3 वर ईस्टर्न, 4 वर सेमी-वेस्टर्न आणि 5 वर, म्हणजे अगदी खाली, वेस्टर्न.

इंग्रजी ‘व्ही’वर विसंबणं

अंगठा आणि तर्जनीमधला ‘व्ही’ कुठे येतो ते बघा, असं पूर्वी सर्रास शिकवत. पण कुणाचा अंगठा लांब, कुणाची बोटं जाड. तोच व्ही दोन हातांवर दोन वेगळ्या ग्रिप दाखवतो. तर्जनीच्या मुळाचा उंचवटा फसवत नाही. त्याच्या जोडीला दुसरी खूणही बघा: करंगळीच्या बाजूची, मनगटाजवळची तळव्याची गादी. ती साधारण त्याच पैलूवर टेकली पाहिजे. उंचवटा 4 वर आणि गादी 2 वर असेल, तर हात हँडलवर तिरका बसलाय. अशा हाताला जोराचा चेंडू लागला की रॅकेट मुठीत फिरते आणि आपण दोष मनगटाला देतो.

बॉलपेनने या दोन जागी ठिपके काढून खेळा. पोरकट वाटेल, पण आठवडाभरात हाताला जागा पाठ होते.

खेळता खेळता ग्रिप सरकते, हे लक्षातच न येणं

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. आमच्याकडे येणाऱ्या एका ताई सांगायच्या, ‘पहिली वीस मिनिटं फोरहँड मस्त बसतो, मग चेंडू बेसलाइनच्या बाहेर जायला लागतो. दमते बहुतेक.’ त्या दमत नव्हत्या. त्यांची ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळायची पातळ पट्टी, पांढरी होती, म्हणून पुरावा हातात मिळाला. 3 नंबरच्या पैलूवर एक मळका डाग होता, तो अपेक्षितच. पण दुसरा डाग 2 आणि 3 च्या मधल्या धारेवर होता, आणि तो जास्त गडद होता. म्हणजे बराचसा खेळ हात तिथेच होता.

झालं असं होतं की त्या स्लाइस बॅकहँड (दुसऱ्या बाजूने, चेंडू खालून कापत मारलेला फटका) कॉन्टिनेंटलने मारायच्या आणि परत येताना हात अर्ध्यावरच थांबायचा. जेमतेम अर्ध्या पैलूचा हा फरक. पण रॅकेटचा फेस, म्हणजे तारांची बाजू, तेवढ्याने आभाळाकडे उघडतो आणि आत पडणारा चेंडू लांब जातो.

उपाय उजव्या हातात नसून डाव्या हातात आहे. प्रत्येक फटक्यानंतर डावा हात रॅकेटच्या गळ्याशी आला पाहिजे आणि रॅकेट त्याने फिरवायची. उजवा हात फक्त सैल सोडायचा. एकाच हाताने ग्रिप शोधायला गेलात तर घाईत ती अर्धीच सापडणार. घरी टीव्हीसमोर बसून शंभर वेळा फिरवा, न बघता. मग बघून तपासा.

आवडत्या खेळाडूची ग्रिप उचलणं

नदालचा फोरहँड डोक्यावरून मागे जातो ते बघून पोरं हात थेट वेस्टर्नवर नेतात. नदालची ग्रिप सेमी-वेस्टर्न होती. डोक्यावरून जाणारा शेवट हा स्विंगचा भाग आहे. फेडरर त्यापेक्षा बराच ईस्टर्नकडे, डेल पोत्रोही ईस्टर्नच्या जवळ. तिघांनीही यूएस ओपन जिंकली. तेव्हा ‘चांगली ग्रिप कोणती’ या प्रश्नाला अर्थ नाही. माझा चेंडू कुठल्या उंचीवर येतो आणि मी त्याला शरीरापासून किती पुढे गाठतो, हे विचारा.

प्रत्येक ग्रिपची एक सोयीची उंची असते. ईस्टर्नला कमरेच्या आसपासचा चेंडू आवडतो. सेमी-वेस्टर्न कमरेपासून छातीपर्यंत सुखात असते. वेस्टर्नला खांद्याजवळचा चेंडू म्हणजे मेजवानी, पण गुडघ्याखाली घसरत आलेली स्लाइस आली की ग्रिप बदलायला वेळ नाही आणि गुडघे वाकवल्याशिवाय गत्यंतर नाही. पोलंडच्या इगा श्विऑन्टेकची ग्रिप वेस्टर्नकडे झुकलेली आहे. तिने 4 फ्रेंच ओपन जिंकल्या आणि 2025 मध्ये विम्बल्डनच्या गवतावरही जिंकून दाखवलं. पण तिचे पाय बघा. रविवारी सकाळी ऑफिसच्या मित्रांबरोबर डबल्स खेळणाऱ्या माणसाला तेवढे पाय कुठून आणायचे? त्याच्यासमोर कमी उसळीचे, कापलेले चेंडूच जास्त येतात. त्याला मी ईस्टर्न किंवा सौम्य सेमी-वेस्टर्नच सुचवतो.

कॉन्टिनेंटलने फोरहँड मारणारे जुने सभासद अजून दिसतात. ऐंशीच्या दशकातला अमेरिकन खेळाडू मॅकेन्रो जवळजवळ सगळे फटके त्याच ग्रिपने मारायचा. तो काळ वेगळा होता. आज उसळून छातीवर येणाऱ्या टॉपस्पिनपुढे (पुढच्या दिशेने गरगर फिरत येणाऱ्या चेंडूपुढे) त्या ग्रिपने फेस बंद ठेवणं फार कठीण जातं.

फक्त ग्रिप बदलणं, बाकी सगळं तसंच ठेवणं

ईस्टर्नवरून सेमी-वेस्टर्नवर जाणाऱ्याचे पहिले तीस चेंडू नेटच्या तळाशी जातात. जाणारच. हात एक पैलू खाली गेला की तोच जुना स्विंग बंद फेसने येतो. मग खेळाडू काय करतो? मनगट मागे मुरडून फेस उघडतो. चेंडू नेटवरून जातो, पण नवी ग्रिप आणि जुना फेस अशी खिचडी होते, टॉपस्पिन येत नाही आणि मनगटावर ताण येतो तो वेगळाच.

ग्रिपबरोबर दोन गोष्टी बदलाव्याच लागतात. चेंडू आधीपेक्षा वीतभर पुढे गाठायचा, आणि रॅकेट चेंडूच्या खालून वर न्यायची. नेट मध्यभागी 3 फूट आणि खांबांपाशी 3.5 फूट असतं. टॉपस्पिन मारताना त्याच्या वर आणखी दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवून मारा. चेंडू वरून जाऊन आत पडतो, तेच तर टॉपस्पिनचं काम. सुरुवातीला सर्व्हिस लाइनवर उभं राहून, हाताने टाकलेले चेंडू, अर्ध्या वेगाने. स्पर्धा दोन आठवड्यांवर असताना हा उद्योग करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात उघडी क्ले, म्हणजे मातीची, कोर्ट बंद असतात. तो काळ भिंतीवर सराव करायला आणि ग्रिप बदलायला उत्तम.

मुलांना मोठ्यांचा चेंडू लवकर देणं

आठ वर्षांच्या मुलीसमोर पूर्ण वेगाचा पिवळा चेंडू आला की तो तिच्या डोक्यापर्यंत उसळतो. ती बिचारी काय करणार? हात आपोआप हँडलखाली सरकवते, कारण तिथूनच त्या उंचीवर फेस सरळ लागतो. पालकांना वाटतं, वा, वेस्टर्न ग्रिप, आधुनिक खेळ. तीन-चार वर्षांनी उंची वाढते, चेंडू कमरेवर यायला लागतो, आणि ग्रिप मात्र खांद्यावरच्या चेंडूची राहते. ती सोडवताना मुलं रडतात, मी पाहिलं आहे.

लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू यासाठीच आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के हळू, नारिंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. चेंडू मुलाच्या कमरेशी येऊ द्या, हात योग्य जागी आपोआप बसतो. ‘अजून लाल बॉलनेच खेळवताय?’ असं विचारणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, घाई करू नका.

नेटपाशीही फोरहँडचीच ग्रिप

व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) सरळ उडते किंवा सर्व्ह ढकलल्यासारखी जाते, तर बहुधा हात 3 किंवा 4 वरच राहिलाय. नेटपाशी आणि सर्व्हला 2 वर या. पहिले काही दिवस सर्व्ह डावीकडे जाईल, जाऊ द्या.

घट्ट मूठ, चुकीचं माप, घाम

हातोडा धरल्यासारखी चारही बोटं चिकटवू नका. तर्जनी थोडी सुटी, पुढे. माप तपासायला रॅकेट ईस्टर्नने धरा आणि बोटांची टोकं व तळवा यांच्यातल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. ती नीट बसली तर माप बरोबर. बोट शिरतच नसेल तर हँडल बारीक आहे. एक ओव्हरग्रिप चढवली की घेर साधारण 1/16 इंच वाढतो. मोकळी जागा उरत असेल तर हँडल जाड आहे, आणि जाड हँडल सहज बारीक होत नाही, म्हणून विकत घेताना शंका असेल तर लहान माप घ्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ओव्हरग्रिप महिनाभर चालवू नका. गुळगुळीत झालेल्या ग्रिपवर माणूस मूठ आवळतो, कोपर दुखायला लागतं, आणि मग फटका शिकायचं राहून फिजिओकडे जावं लागतं. मी स्वतः दर चार-पाच सेशननंतर बदलतो. पांढरीच घेतो, म्हणजे जुनी काढताना डाग कुठे पडलाय ते दिसतं.