पीसीओएस आहे? आधी सकाळचं चहा-बिस्किट बदला
पाळी लांबतेय, हनुवटीवर केस येताहेत आणि तपासणीत पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) निघालंय, तर सुरुवात नाश्त्यापासून करा. मैदा-साखरेने इन्सुलिन झपाट्याने वाढतं आणि वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशांना जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं. पाळीचं गणित तिथेच बिघडतं. त्यापेक्षा मुगाचं धिरडं, मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी खा. पोहेच हवेत? मग पोहे मूठभर कमी, मटार-शेंगदाणे जास्त, सोबत वाटीभर दही. आणि सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर अकराला खाणं सोडा, बायांनो! रात्री जेवल्यावर 15 मिनिटं चाला. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. सलग 3 महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.