शाहू स्टेडियमला पोरांची सुब्रोतो बघायला जायचंय? तर मग असं जा

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर सीनियरच्या मॅचच येतात, शिवाजी पेठ एका बाजूला मंगळवार पेठ एका बाजूला, हलगी, आरडाओरडा आणि बंदोबस्ताला पोलीस. ते भारीच असतंय, त्यात वाद नाही. पण घरातल्या पोराला किंवा पोरीला पहिल्यांदा ग्राऊंड दाखवायचं असेल, नाहीतर स्वतःलाच टीव्ही सोडून खरा फुटबॉल बघायचा असेल तर माझं ऐका, शाळांच्या सुब्रोतोच्या मॅचला जा. गर्दी कमी, बसायला हवी ती जागा, आणि खेळ इतका जवळून की पोरं एकमेकांना काय बोलतात ते सुद्धा ऐकू येतं.

सुब्रोतो म्हणजे सुब्रोतो मुखर्जी कप. आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी, त्यांच्या नावानं १९६० पासून शाळांसाठी चालत आलेली स्पर्धा. इथं ती खालून वर जाते, आधी जिल्हा नाहीतर महापालिका, मग विभाग (आपल्या विभागात सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग पण येतात), मग राज्य, आणि राज्य जिंकलं की १७ वर्षांखालच्या पोरांना थेट दिल्ली. इथल्या मॅच सगळ्या नॉकआऊट. हरला की घरी, पुढच्या वर्षी या, आणि वय बसत नसेल तर तेही नाही. म्हणून पहिल्या राऊंडची मॅच असली तरी पोरं जीव तोडून खेळतात.

आता कधी जायचं. शाळा सुरू झाल्या की पावसाळ्यातच ह्या मॅच लागतात, आणि नेमकी तारीख कळणं हाच सगळ्यात मोठा उद्योग आहे. पेपरात क्रीडा पानावर खाली कुठंतरी दोन ओळी येतात त्या बघा, पण खरा माणूस म्हणजे शाळेचे पीटीचे सर. त्यांच्याकडं लॉट्स पाडलेला कागद असतो, कोण कुणाशी, कुणाला बाय (म्हणजे न खेळताच पुढच्या राऊंडला), किती वाजता, सगळं. आदल्या रात्री सरांना विचारायचं आणि सकाळी निघायच्या आधी परत एकदा विचारायचं, ह्यात लाजायचं नाही. मी एकदा न विचारता भाच्याला घेऊन भर पावसात पोचलो तर ग्राऊंडवर एक कुत्रं आणि मी. मॅच दुसऱ्या दिवसावर ढकलली होती, आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि भाचा अजून चारचौघात ते सांगतोय.

माझा अजून एक सल्ला, फायनलला जाऊ नका, क्वार्टर फायनलला जा. फायनलला पाहुणे असतात, भाषणं असतात, सगळी शाळा बसून असते आणि टेन्शनमुळं खेळ अडकत अडकत होतो. क्वार्टरला एका दिवसात तीन-चार मॅच बघून होतात आणि चांगल्या टीम अजून सगळ्या शिल्लक असतात.

पोचायला काही अवघड नाही, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडला उतरला असाल तर रिक्षावाल्याला शाहू स्टेडियम एवढंच म्हणा. शाळांच्या मॅचला मला आजपर्यंत तिकीट काढावं लागलेलं नाही. बसायला पायऱ्या आहेत, पावसात ओल्या असतात, त्यामुळं जुना पेपर किंवा प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवा नाहीतर उठताना पँटवर नकाशा उमटलेला असतो. छत्री नको, रेनकोट घाला, छत्री उघडली की मागचा माणूस "ओ पावणं, छत्री मिटा की" म्हणणारच आणि त्याचं बरोबरच असतंय. दुपारची मॅच आणि ऊन असेल तर पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर बसा, सूर्य पाठीशी राहतो.

पहिली पंधरा मिनिटं मधोमध बसा, खेळ कसा चाललाय कळतं. मग उठून खाली, गोलच्या बाजूला या. तिथं खरी मजा. कोपऱ्यातला चिखल असा असतो की बॉल जोरात मारला तरी डबक्यात जाऊन थप्पकन बसतो आणि दोन्हीकडची चार-पाच पोरं त्याच्यावर तुटून पडतात. कीपर सतत ओरडत असतो, "मागं बघ, मागं बघ, सात नंबर सुटलाय", आणि तो सात नंबर म्हणजे एवढंस पोरगं, जर्सी गुडघ्यापर्यंत. मागं एकदा हाफटाईमला एक पोरगं माझ्या पुढ्यातच पायरीवर बसलं, सॉक्स खाली केला आणि आतनं शिनगार्डच्या (नडगीला लागू नये म्हणून लावतात ती पट्टी) जागी वहीचा पुठ्ठा काढला, भिजून पार लगदा झालेला. दुसऱ्यानं आपला जुना शिनगार्ड काढून दिला आणि हा परत पळत आत. टीव्हीवर ह्यातलं काही दिसत नाही.

आणि बॉलकडं बघू नका, म्हणजे सारखं सारखं बघू नका. एकच पोरगं धरा, शक्यतो मिडफिल्डचं, म्हणजे मधल्या फळीतलं, आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडं बघा, बॉल नसताना ते कुठं पळतंय, पास यायच्या आधी मान वळवून मागं बघतंय का. जे बघतंय ते पुढं जाणार असं खुशाल समजा. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप झाला तेव्हा भारताकडून फॉरवर्डला खेळलेला अनिकेत जाधव हा आपल्या कोल्हापूरचाच. तसा एखादा तुमच्या समोरच्या चिखलात पळत असेल, काय सांगावं.

शाळकरी मॅच नव्वद मिनिटांची नसते हे लक्षात ठेवा. किती मिनिटांचा हाफ ते शेजारच्याला आधीच विचारून घ्या आणि मोबाईलमध्ये टायमर लावा, कारण किती वेळ राहिला हे रेफरी सोडून कुणालाच माहीत नसतं. ऑफसाईड कळत नसेल तर एक सोपी खूण, पास निघाला त्या क्षणी पुढचा गडी बॉलच्या आणि समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्या (कीपर धरून) पुढं होता का ते बघायचं, बॉल मिळाला तेव्हा नाही. अर्धं ग्राऊंड इथंच चुकतं आणि लाईनमनला शिव्या घालतं. थ्रोवर (बॉल लाईनबाहेर गेल्यावर हातानं आत टाकतात तो) ऑफसाईड नसतो हे पण शेजारच्या काकांना प्रेमानं सांगा, ऐकणार नाहीत, तरी सांगा.

ओरडा, त्याशिवाय काय मजा. "मार की रं", "सोड की बॉल" एवढं चालतंय. पण पेठेतली भांडणं इथं आणायची नाहीत आणि समोरच्या टीमच्या पोराला नावं ठेवायची नाहीत, त्याची आई तुमच्या मागच्याच पायरीवर बसलेली असू शकते. आणि बापलोकांनो, तुमचं पोरगं खेळत असेल तर लाईनवर उभं राहून कोचिंग करू नका. सर एक सांगतात, तुम्ही दुसरं सांगता, आणि पोरगं दोघांकडं बघत उभं राहतं तोवर बॉल गेला.

खायला भडंगाची पुडी खिशात ठेवा, शेंगदाणे चालतील, पाण्याची बाटली घरनंच न्या.

बरोबरी झाली तर टायब्रेकर, प्रत्येकी पाच पेनल्टी, तरी नाही सुटलं तर सडनडेथ, म्हणजे एकेक पेनल्टी, एकाची बसली आणि दुसऱ्याची हुकली की संपलं. ह्या वेळी अजिबात जायची घाई करू नका, ज्या गोलवर पेनल्टी मारणार त्याच्या जवळच्या पायऱ्यांवर आधीच जाऊन बसा, टॉस झाला की सगळे तिकडंच धावतात. मारणाऱ्याच्या पायाकडं बघा, बॉल ठेवून मागं सरकताना दोनदा जागा बदलली की चुकायची शक्यता जास्त, हा माझा आपला अंदाज. ज्याची पेनल्टी हुकते ते पोरगं नंतर बराच वेळ ग्राऊंडच्या मधोमध बसून असतं. बाहेर पडताना ते दिसलं तर "लई भारी खेळलास" म्हणा आणि पुढं व्हा, जास्त समजवायला जाऊ नका.

तिथनं संध्याकाळी गंगावेशीला दूध कट्ट्यावर जायचं, समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध प्यायचं, आणि ग्लास हातात असतानाच सरांना फोन लावून उद्याची मॅच किती वाजता ते विचारून ठेवायचं.